गाडी केवढी घ्यावी?

आमच्या घरी गाडी घ्यायची हे पावसाळ्याआधीच ठरले होते. केवढी घ्यायची, यावर मात्र तीन महिने वाद चालला. घरगुती वाद म्हणून तो घरातच ठेवला असता. पण रविवारी मिस्सानंतर देवळाच्या आवारातून गाड्या बाहेर काढताना जी तारांबळ उडते ती पाहिली, आणि वाटले, हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात असणार.

गरज खरी होती. आमची सून बोरिवलीच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. सकाळपाळी असली की पहाटे पाचला घर सोडते, दुपारपाळी सुटते तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेलेले असतात. मागच्या वर्षी विरार लोकलमध्ये चढताना तिचा गुडघा दुखावला, तेव्हापासून तो बरा म्हणून झालाच नाही. गर्दीतला प्रवास बंद करा, असे डॉक्टरांनी सांगितले. वसईहून बोरिवली रस्त्याने पस्तीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन रोजचे सत्तर. तेव्हा गाडी घेणे ही चैन नव्हती. पण ‘गरज’ हा शब्द मोठा ताणला जाणारा आहे. गरज म्हणून निघालेला माणूस शोरूममध्ये शिरतो आणि बाहेर येईपर्यंत ती गरज लांबी-रुंदीने दुप्पट झालेली असते. आमचेही तसेच झाले. छोटी गाडी पाहायला गेलो आणि उंच, रुंद, चौदा फूट लांबीच्या गाडीसाठी पैसे भरून आलो. खरे सांगायचे तर परत येताना आम्ही खूश होतो. आळीतल्या लोकांच्या चेहऱ्यांवर काय दिसेल, याचाही विचार मनात येऊन गेला.

मुलाचे म्हणणे चैनीचे नव्हते. तो म्हणाला, ‘डॅडी, रात्री अकराला हायवेवर समोरून कंटेनर आला तर? छोट्या गाडीचा डबा होतो डबा.’ त्याचे चूक नव्हते. २०१४ साली भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्यांची टक्कर-चाचणी झाली, तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी त्यांतल्या एकीलाही एक ताराही मिळाला नव्हता. त्यानंतर पुष्कळ बदलले. पुढच्या दोन एअरबॅग सक्तीच्या झाल्या, २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची चाचणी सुरू झाली, आणि २०२५ पासून अगदी छोट्या गाड्यांतही सहा एअरबॅग मिळू लागल्या. तरी वजनाचा नियम काही बदलत नाही. दोन गाड्या समोरासमोर आदळल्या तर हलकीला जास्त झटका बसतो. जड गाडी आतल्या माणसाला जे संरक्षण देते, त्याची किंमत समोरच्याच्या अंगावर पडते, असाही याचा अर्थ होतो. हे आम्ही मुलाला सांगितले. तो म्हणाला, ‘मला माझी बायको घरी यायला हवी.’ यावर काय बोलणार?

मग सप्टेंबरातली एक रात्र आली. शेजारच्या काकांच्या छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका वीस मिनिटांत आली, पण आळीच्या तोंडाशीच थांबली. आत कोणाकडे तरी पाहुणे आले होते, त्यांची मोठी गाडी कुंपणाला लावलेली. मालक झोपलेले, किल्ली सापडेना. शेवटी चार मुलांनी काकांना खुर्चीत बसवून भर पावसात रस्त्यापर्यंत नेले. काका वाचले, आता पुन्हा ओट्यावर बसून पेपर वाचतात. पण ती खुर्ची डोळ्यांसमोरून जात नव्हती. ती गाडी अगदी आम्ही पैसे भरलेल्या गाडीएवढीच होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेप घेऊन आळी मोजली. रस्ता बारा फूट. मोठी गाडी जवळजवळ सहा फूट रुंद, म्हणजे उरले सहा. रुग्णवाहिका सव्वासहा फुटांची, आरसे वेगळे. छोटी गाडी पाच फूट रुंद. तिच्या बाजूने रुग्णवाहिका अंग चोरून का होईना, जाऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे साडेअकरा फुटांची गाडी आमच्या फाटकातून वळून अंगणात येते, आळीत उभी राहतच नाही. चौदा फुटांची वळतच नाही. ती रोज रात्री बाहेर राहणार, आणि बाहेर म्हणजे सर्वांच्या वाटेवर. शोरूममध्ये दिलेल्या किमतीच्या कागदावर ही जागा कुठेच लिहिलेली नव्हती.

आपल्या वसईत हे विशेष बोचायला हवे. ‘हरित वसई’साठी आम्ही रस्त्यावर उतरलो होतो, फा. फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामागून घोषणा देत चाललो होतो. त्याच आम्ही नंतर बावखले बुजताना पाहिली, रस्ता रुंद हवा म्हणून कुंपणे मागे घेतली, झाडे तोडली. बिल्डरांना नावे ठेवणे सोपे. रुंद रस्ता कोणाला हवा होता?

पेट्रोलचाही हिशेब केला. महिन्याला चोवीस दिवसांची ड्युटी, म्हणजे सुमारे सतराशे किलोमीटर. आपल्या वाहतुकीत छोटी गाडी लिटरला अठरा देते आणि मोठी बारा, असे धरले तर वर्षाला साडेपाचशे लिटरांचा फरक पडतो. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे साडेबाराशे किलोंहून अधिक. आकडे पाहून मुलगा जरा गप्प झाला.

पोप फ्रान्सिस यांचा दाखलाही आम्ही दिला. जुलै २०१३ मध्ये त्यांनी तरुण व्रतस्थांना साध्या गाडीवर समाधान मानायला सांगितले होते, आणि २०१५ साली अमेरिकेत ते स्वतः छोट्याशा फियाटमधून फिरले. मुलगा हसून म्हणाला, ‘डॅडी, त्यांच्या पुढे-मागे पोलिसांच्या मोठ्या गाड्या होत्या.’ तेही खरे.

या सगळ्यात एक गोष्ट आमच्या उशिरा ध्यानात आली. रात्रीच्या हायवेवर आम्ही जाणार नव्हतो. शेजाऱ्याची वाट मोकळी राहावी, हवा स्वच्छ राहावी, हे सर्व आम्ही सुनेच्या जिवावर ठरवत होतो. दुसऱ्याच्या अंगावर धोका टाकून आपण साधे राहायचे, याला साधेपणा म्हणावे का? तेव्हा आम्ही बोलणे थांबवले आणि तिला विचारले. खरे तर तिला आधीच विचारायला हवे होते.

ती म्हणाली, ‘रात्री कॅज्युअल्टीत कोण येते ते मी बघते. स्कूटरवाले येतात, चालणारे येतात. मोठ्या गाडीतले कमी येतात, पण ज्यांना ते धडकतात ते येतात.’ आम्ही आकडे पाहिले. २०२३ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत निम्म्याहून जास्त दुचाकीवरची आणि पायी चालणारी होती. उंच, सपाट नाकाची गाडी माणसाला पायावर नव्हे, वर छातीजवळ लागते, हेही तिनेच सांगितले.

तिने छोटीच निवडली. मात्र सर्वांत स्वस्त नाही. सहा एअरबॅगची, वर पैसे घालून. हायवेवर साठच्या वर जायचे नाही आणि कंटेनरच्या लेनमध्ये शिरायचे नाही, हा तिने स्वतःला घातलेला नियम. मुलाला ते पूर्ण पटलेले नाही. ती घरी येईपर्यंत तो अजून ओट्यावर जागा असतो, आणि त्याची भीती खोटी आहे असे आम्ही त्याला सांगू शकत नाही. आधीच्या गाडीसाठी भरलेल्या पैशांतले काही कापले गेले, ते गेले.

गाडी आली, फादरांनी आशीर्वाद दिला. पहिल्याच आठवड्यात सुनेने आपल्याच धर्मग्रामातल्या दोन परिचारिकांना सोबत घेतले; तिघींच्या पाळ्या जुळवून घेतल्या आहेत. त्यांच्याकडून पेट्रोलचे पैसे घ्यावेत की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. सून म्हणते घ्यावेत, नाहीतर त्या दोघी संकोचून पुन्हा लोकलने जातील.