उत्स्फूर्ततेचे कर्तेपण

लोकनाट्याची संहिता मुळातच अपुरी असते. हे अपुरेपण दोष नसून प्रयोगाची पूर्वअट होय. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये नायगावच्या चाळीत वाढलेल्या दादा कोंडके यांनी प्रयोगागणिक घातलेली भर लेखकाची की नटाची, हा प्रश्न म्हणूनच केवळ कायद्याचा नाही, नैतिकही आहे. लेखकाने जागा सोडली नसती तर भर पडली नसती. नटाने ती भरली नसती तर जागा रितीच राहिली असती.

या प्रश्नाला मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने एक वेगळी परिभाषा पुरवली आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. येथे ‘मुक्त’ म्हणजे फुकट नव्हे, तर वापरण्यास, अभ्यासण्यास, बदलण्यास आणि वाटण्यास मोकळे. १९८९ च्या ग्नू परवान्याने या स्वातंत्र्याला दोन कर्तव्ये जोडली : बदलाची नोंद करणे आणि मिळालेली मोकळीक पुढच्यालाही देणे.

लालबागच्या हनुमान थिएटरात उतरणाऱ्या फडांपाशी दुसरे कर्तव्य परंपरेनेच होते. गण, गौळण, बतावणी, वग हा सांगाडा कोणा एकाचा नव्हता. पहिले कर्तव्य मात्र नव्हते. सोंगाड्याची कोटी दुसऱ्या फडात गेली, की कर्त्याचे नाव मागेच राही. हे कर्ते बहुधा दलित जातींतले होते आणि छापखाना इतरांच्या हाती होता. त्यामुळे या विस्मरणाला निरागस म्हणता येत नाही.

आजच्या मुक्त साधनांपुढेही हाच पेच आहे. ‘लिनक्स शो प्लेअर’मध्ये ध्वनिसंकेत क्रमवार यादीत मांडता येतात, किंवा कोणताही संकेत केव्हाही देता येईल अशा चौकटींच्या पटावर. नटाचे वाक्य कुठे वळेल याचा अंदाज घेत वाजवणाऱ्या ढोलकीवाल्याला ही दुसरी मांडणी जवळची वाटेल. परंतु तालमीतील प्रत्येक उच्चार ध्वनिमुद्रित होऊ लागला, तर उत्स्फूर्तताच संहिता बनते; आणि प्रयोगापूर्वी संहितेचे परिनिरीक्षण करण्याची पद्धत असलेल्या महाराष्ट्रात अशी नोंद पाळतीचेही साधन ठरू शकते.

तेव्हा नोंद कशाची, हा खरा प्रश्न आहे. उच्चार प्रयोगाबरोबर विरून जाण्यातच उत्स्फूर्ततेचे सत्त्व आहे. कर्तेपण विरण्यात मात्र अन्याय आहे. जाहिरातीत नटाचे नाव सहकर्ता म्हणून देणे आणि उत्पन्नात त्याचा वाटा मानणे यासाठी त्याचे प्रत्येक वाक्य जपून ठेवावे लागत नाही.