शेजारच्या ताटाला नावं

चाकणच्या औद्योगिक वसाहतीलगत, महाळुंग्याच्या बाजूला, पत्र्याच्या छपराच्या खोल्यांची एक लाइन होती. दहा बाय दहाची खोली, बाहेर सामाईक नळ, आणि भाडेकरू लातूरपासून बिहारपर्यंत कुठकुठचे. त्यातल्या एका खोलीत भामरागडकडचं माडिया आदिवासी जोडपं राहत होतं. नवरा आयटीआय करून आलेला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. बायको घर सांभाळायची आणि दीड वर्षाच्या छकुलीला.

छकुली शांत पोर होती. जरा जास्तच शांत. लाइनीतली तिच्या वयाची पोरं नळाच्या पाण्यात धुडगूस घालायची. ही उंबऱ्यात बसून भिंतीचा चुना नखानं खरवडायची आणि बोट तोंडात घालायची. सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट, दुपारी वरणाचं पाणी आणि भात, संध्याकाळी रडली की पाच रुपयांचा कुरकुऱ्यांचा पुडा. आपल्या लहानपणी डोळ्यांनाही न दिसलेलं लेकीला रोज मिळतंय, याचं आईला समाधान होतं.

अंगणवाडीत वजनाच्या दिवशी ताईंनी छकुलीची खालची पापणी ओढून पाहिली, तळहात पाहिला आणि विचारलं, "माती, चुना खाते का हो?" आई गप्प राहिली. दवाखान्यात रक्त तपासलं. या वयात हिमोग्लोबिन किमान 11 हवं. छकुलीचं 8 होतं.

छकुलीसारखी लेकरं आपल्या राज्यात थोडी नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2015-16 मध्ये महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 53.8 टक्के मुलांना रक्तक्षय होता. 2019-21 मध्ये हे प्रमाण 68.9 टक्क्यांवर गेलं. बाळ जन्मताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं. तो सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत येतो, आणि मग लोह वरच्या अन्नातूनच मिळवावं लागतं. दीड वर्षाच्या मुलाला दिवसाला सुमारे 8 मिलिग्रॅम लोह आणि 3 मिलिग्रॅमहून थोडं अधिक जस्त लागतं, पण त्याचं पोट वाटीभर अन्नातच भरतं. त्या वाटीत जे पडेल ते कसदार हवं. बिस्किटात तो कस नसतो, आणि सोबतचा चहा तर इतर अन्नातलं लोहही अंगी लागू देत नाही.

मे महिन्यात छकुलीची आजी, आईची आई, पहिल्यांदाच चाकणला आली. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांच्या संगमावर भामरागड आहे; तिथून आत तिचं गाव. तिच्या गाठोड्यात कोसरी या भरडधान्याचे तांदूळ होते, वाळलेली मोहफुलं होती, अंबाडीचा वाळवलेला पाला होता आणि झाकण घट्ट बसवलेला एक डबा होता. डबा उघडला तसा आंबट, तिखटसर वास खोलीभर पसरला. भाजून, वाळवून ठेवलेल्या लाल मुंग्या होत्या त्यात.

या मुंग्या झाडावर राहतात. हिरवी पानं एकमेकांजवळ ओढून धरतात आणि आपल्याच अळ्यांच्या तोंडून निघणाऱ्या रेशमानं ती शिवून घरटं बांधतात. उन्हाळ्यात घरटी अंडी-अळ्यांनी भरलेली असतात. तेव्हा माडिया बाया-पुरुष पहाटेच रानात जातात, फांदी हलवून घरटं उतरवतात, चावे सोसत मुंग्या गोळा करतात. मीठ, मिरची घालून दगडावर वाटलं की चटणी तयार. तिचा आंबटपणा मुंगीच्या अंगातल्या आम्लाचा. इंद्रावतीपलीकडे बस्तरमध्ये हिलाच चापडा म्हणतात, आणि ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच काई चटणीला जानेवारी 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. प्रथिनं, लोह, जस्त, कॅल्शियम हे सगळं या मुंग्यांत असतं. ही नावं आजीला ठाऊक नव्हती. पेज पिऊ लागलेल्या लेकराला चिमूटभर द्यायची, एवढं मात्र तिच्या आईनं तिला सांगितलं होतं.

लेकीनं डबा पाहिला आणि झटकन झाकण लावलं. "माय, इथं हे काढू नको. लोक हसतात." डबा तिनं फळीवर, पिठाच्या डब्यामागं सरकवला.

तिची भीती खोटी नव्हती. नवऱ्यानं एकदा गावाकडची चटणी कामावर डब्यात नेली होती. कुणीतरी विचारलं, त्यानं खरं सांगितलं. त्या दिवसापासून त्याला टोपणनाव पडलं आणि तो घरून डबाच नेईनासा झाला. तेव्हापासून त्या घरात मुंग्या नव्हत्या, कोसरी नव्हती, अंबाडीही नव्हती. चेष्टा एका चटणीची झाली होती. लाजेपोटी अख्खं ताट बदललं होतं.

आजी चार दिवस गप्प राहिली. नातीला चुना चाटताना पाहिलं तशी ती उठली, डबा काढला, मुंग्या पुन्हा तव्यावर खरपूस केल्या, पीठ होईपर्यंत वाटल्या आणि त्यातली चिमूट कोसरीच्या मऊ पेजेत मिसळली. नेमक्या त्याच वेळी अंगणवाडीच्या ताई घरभेटीला आल्या. मागोमाग घरमालकीणही डोकावली. तिला सगळी लाइन मावशी म्हणायची.

"काय गं हे काळं काळं?" मावशीनं विचारलं.

लेकीनं वाटी पदराआड घेतली. आजीनं सरळ सांगितलं, "मुंग्या हायेत. लाल मुंग्या."

"अगं बया! लेकराला मुंग्या चारता व्हय?"

खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ताई मात्र खाली सतरंजीवर बसल्या आणि आजीला विचारू लागल्या.

"आजी, केवढ्या लेकराला देता हे?"

"पेज पिऊ लागला का देतो. पयले थोडंसं, मंग वाढवतो. मिरची नोको लहानग्याले."

"आणि कुणाला बाधलं तर? अंगावर गांधी उठतात का?"

"उठते एखाद्याले. त्याले मंग देत नाही."

ताईंनी मान डोलावली. मग त्या मावशीकडे वळल्या. "मावशी, तुमच्या घरातून कसला छान वास येतोय?"

"सुका जवळा परतलाय. आज बुधवार."

"जवळ्याला पाय असतात ना? कवच असतं ना? मुंगी, खेकडा, कोळंबी, जवळा ही सगळी एकाच मोठ्या कुळातली. ज्याला कोळंबी सोसत नाही त्याला मुंगीही बाधू शकते, इतकं जवळचं नातं आहे. एक आपण आवडीनं खातो. दुसऱ्याचं नाव काढलं की नाक मुरडतो."

मावशी थोडा वेळ उंबऱ्यात तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "मी लहानपणी लई अशक्त व्हते. माझी आजी भामा नदीतले खेकडे आणायची, कुटून, गाळून त्याचा रस पाजायची. धरणाच्या आधीची गोष्ट." आणि ती छकुलीच्या आईजवळ जाऊन बसली. "तू लाजू नगंस, पोरी. चुकलं माझं."

ताईंनी तेवढ्यावर विषय सोडला नाही. चिमूटभर मुंग्यांनी 8 चं 11 होणार नाही, हे त्यांनी आजीलाही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. आजारी लेकराला औषध लागतंच. डॉक्टरांनी वजन पाहून रोजच्या मात्रेत लोहाचं सिरप आणि जंताचं औषध दिलं होतं, ते चुकवायचं नाही. चहा पूर्ण बंद. पुडा बंद. पेजेत लिंबाचे थेंब पिळायचे, म्हणजे लोह नीट शोषलं जातं. जेवणात अंडं, नाचणी, मसूर, मेथी आणायची. आणि आजीची पूड? ताईंनी दवाखान्यात विचारून घेतलं. नीट भाजलेली, अगदी बारीक, आधी थोडी देऊन अंगावर काही उठतं का ते पाहायचं, चालेल.

जग आता हेच तपासून पाहतंय. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं 2013 च्या अहवालात माणूस खातो अशा 1,900 हून अधिक कीटकांची नोंद घेतली. कॉंगोमध्ये संशोधकांनी तिथल्या लोकांच्या नेहमीच्या खाण्यातल्या अळ्यांची पूड धान्यात मिसळून सहा महिन्यांपुढच्या बाळांना दिली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उंची खुंटण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही, पण अळ्यांचं धान्य खाल्लेल्या बाळांत हिमोग्लोबिन अधिक आणि रक्तक्षय कमी आढळला. पश्चिम केनियात राजगिरा आणि मक्याच्या पेजेत वाळवी आणि बारीक मासे घालून बाळांसाठी अन्न तयार केलं गेलं. तिथल्या आयांना जे आधीपासून माहीत होतं, त्यातूनच संशोधनाला वाट मिळाली.

जूनमध्ये चाकणवर पहिला मोठा पाऊस झाला. त्या रात्री एका कारखान्याच्या गेटवरच्या दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळवीचा थवा उठला. छकुलीचा बाप सेकंड शिफ्टवरून परतत होता. मुंग्यांचा डबा संपत आला होता हे त्याला माहीत होतं, आणि भामरागडला पहिल्या पावसातली वाळवी म्हणजे मेजवानी. ज्याला टोपणनावाची लाज वाटायची तो माणूस घरी धावला, परात घेऊन आला, तिच्यात पाणी भरून सगळ्यांच्या देखत दिव्याखाली ठेवली. थोड्याच वेळात परात भरली.

आजी त्याच्यामागून आली होती. तिनं परातीकडे पाहिलं नाही. ती भिंतीकडेनं चालत गेली, वाळवी ज्या भेगांतून निघत होती तिथली माती चिमटीत घेऊन हुंगली. मातीला तेलाचा वास होता. शेजारच्या नाल्यावर रंगीत तवंग तरंगत होता. भिंतीच्या कडेला कुणीतरी कीडनाशकाची पांढरी भुकटी टाकली होती.

"ओतून दे, बापू," आजी म्हणाली.

"काहून? वाळवीच तर आहे."

"आपल्या रानातली वाळवी आपल्या रानातलं लाकूड खाते. हे काय खाते, तुले माहीत आहे का?"

त्यानं परात ओतून दिली. आजीचं म्हणणं खरं होतं. कीटक ज्या मातीत वाढतो तिच्यातलं लोह-जस्त जसं त्याच्या अंगात उतरतं, तसं शिसं आणि कॅडमियमही उतरू शकतं. पिंपरी-चिंचवडमधून पुढं गेलेल्या इंद्रायणीवर आळंदीत पांढरा फेस चढलेला आपण पाहतोच. अशा पाण्याकाठची, अशा मातीतली कीड लेकराच्या वाटीत घालणं म्हणजे रानाचं शहाणपण गावात विसरणं. काय खायचं हे आजीला कळत होतं; त्याहून अधिक, काय खायचं नाही हे कळत होतं.

मग आजी मावशीबरोबर आठवडी बाजारात गेली. मावशीनं तिला सुका जवळा निवडायला शिकवलं. आजीनं तो दोन-तीन पाण्यांतून धुऊन खारटपणा आणि रेती काढली, कडक वाळवला, मंद आचेवर भाजला आणि पाट्यावर पिठासारखा केला, अगदी मुंग्यांचा करायची तसाच. चिमूट नाचणीच्या पेजेत पडू लागली. मावशीनं तीच पूड आपल्या नातवासाठीही मागून नेली. लाइनीतल्या झारखंडच्या एका बाईनं तेव्हा कुठं सांगितलं, "हमारे यहाँ भी लाल चींटी खाते हैं." इतकी वर्षं ती भिंतीपलीकडे राहत होती आणि बोलली नव्हती.

पावसाळा सरताना छकुलीचं रक्त पुन्हा तपासलं. हिमोग्लोबिन 10 च्या पुढं गेलं होतं. औषध चालू ठेवायचं होतं, पण तिनं चुना चाटायचं सोडलं होतं आणि नळावरच्या धुडगुसात तिचाही आवाज ऐकू येऊ लागला होता. श्रेय सिरपचं होतं, बंद झालेल्या चहाचं होतं, अंडं-नाचणीचं होतं आणि त्या चिमटीचंही. यातली प्रत्येक गोष्ट त्या घरात शिरू शकली, कारण एका ताईनं हसण्याऐवजी विचारलं.

तात्पर्य: अन्नाला नावं ठेवू नयेत, हे आपण प्रत्येक मुलाला जेवताना सांगतो. ही शिकवण स्वतःच्या ताटापुरती नाही. शेजारच्या ताटाला नावं ठेवली, तर त्या घरातलं जुनं शहाणपण डब्यात बंद होतं आणि त्याची किंमत तिथलं सर्वांत लहान लेकरू मोजतं. जुनं आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नये, वेगळं आहे म्हणून टाकूनही देऊ नये. माती पाहावी, पाणी पाहावं, लेकरू पाहावं. कामासाठी देशभरातून माणसं या पट्ट्यात येतात. त्यांच्यातली एखादी आई अंगणवाडीत आली, दवाखान्यात आली किंवा नळावर भेटली, तर तिला आधी एवढं विचारा: तुमच्या गावी लेकरांना काय भरवतात?