थर कोणासाठी?

दहीहंडीच्या उंच मनोऱ्यावर सर्वांत वर चढतो तो पोरसवदा गोविंदा, कारण खालच्या खांद्यांना हलकंच वजन पेलतं. पथकावरची निष्ठा त्याला वर नेते. पण ती त्याची की मोठ्यांची? २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंची २० फुटांवर आणली, तेव्हा अनेकांना तो धर्मावर घाला वाटला. २०१७ मध्ये उंचीचं बंधन सुटलं, चौदा वर्षांखालच्यांना मनाई मात्र राहिली, आणि ती मला सर्वस्वी योग्य वाटते. गोविंदा स्वखुशीने धोका पत्करतो, हा आक्षेप प्रौढांपुरता खरा; मणक्याला मार बसला तर जन्मभर काय भोगावं लागेल, हे त्यांना कळतं. पोराला कळत नाही, आणि त्याच्या वतीने होकार देण्याचा हक्क भक्तीलाही नाही. कृष्णही पोरच होता म्हणाल, तर तो सवंगड्यांना लोणी वाटायला चढला. बक्षिसासाठी त्याचे थर कोणी मोजत नव्हतं.