मुलकी माणूस

बोरीवलीस आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. सायंकाळी फिरावयास जाताना त्यांची आमची गाठ पडते. परवा बोलता बोलता त्यांनी एक प्रश्न घातला आणि आमची प्राध्यापकी क्षणभर लंगडी पडली. ते म्हणाले, "सर, पलटणीत असताना आम्ही तुम्हा लोकांना नुसते 'सिव्हिल' म्हणत असू. आता मीही सिव्हिलमध्ये आलो. पण याला आपल्या मराठीत काय म्हणायचे? वर्तमानपत्रे 'नागरिक' म्हणतात. मग पलटणीत होतो तेव्हा मी या देशाचा नागरिक नव्हतो काय?" आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. ते येथे देण्याचा यत्न करीत आहोत. कारण हा प्रश्न केवळ कोशकारांचा नव्हे. युद्धात कोणावर शस्त्र धरू नये, हे ज्या शब्दाने ठरावयाचे त्या शब्दाचा तो प्रश्न आहे.

मूळ इंग्रजी शब्दाचाही इतिहास सरळ नाही. 'सिव्हिलियन' म्हणजे प्रथम रोमन दिवाणी कायद्याचा पंडित. पुढे आपल्याकडे इंग्रजी अमदानीत सिव्हिलियन म्हणजे सनदी नोकरीतील बडा अधिकारी असा अर्थ रूढ झाला. १८६३ साली त्या नोकरीत शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ टागोर यांनी आमच्या मुंबई इलाख्यात काम केले, ते या अर्थाचे सिव्हिलियन होत. सैन्यात नसलेला तो सिव्हिलियन, हा अर्थ त्या मानाने अलीकडचा. मराठीने तर या शब्दाच्या मुळाशी असलेल्या 'सिव्हिल'ला ठिकठिकाणी निरनिराळी नावे दिली. न्यायालयात ते 'दिवाणी' झाले, कचेरीत 'मुलकी', विमानखात्यात 'नागरी', आणि १९३० च्या चळवळीत 'सविनय'. जिल्ह्याच्या रुग्णालयास लोक अजून 'सिव्हिल'च म्हणतात. एका शब्दाचे इतके अवतार झाल्यावर सुभेदारांनी गोंधळून जावे यात नवल नाही.

आता 'नागरिक' हा शब्द घेऊ. सुभेदारांचा आक्षेप यथार्थ आहे. सैनिक हा नागरिक असतोच. राज्यघटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने सैन्यातील लोकांच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेस दिला आहे. पण हक्क असल्यावाचून मर्यादा कशास घालावयाच्या? उलटपक्षी, आपल्या गावी उतरलेला परदेशी पाहुणा आपला नागरिक नव्हे, तथापि बाँब पडू लागले तर तोही आपल्याइतकाच रक्षणीय आहे. एतावता 'नागरिक' हा शब्द एका बाजूने तोकडा व दुसऱ्या बाजूने सैल पडतो. 'असैनिक' व 'बिगरलष्करी' हे शब्द अचूक आहेत, परंतु त्यांत नकाराखेरीज काही नाही. शेतकऱ्याची ओळख 'हे वकील नव्हेत' अशी करून द्यावी, तशातला हा प्रकार!

आमच्या जुन्या भाषेत या लोकांस आणखी एक शब्द होता, तो म्हणजे 'बुणगे'. फौजेबरोबर चालणारे जड सामान आणि त्याबरोबरची बिनलढाऊ माणसे या दोहोंसही हा एकच शब्द होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौज उभी राहिली तेव्हा तिच्यासोबत बायकामुले, यात्रेकरू, वाणी-उदमी, मोतद्दार, भिस्ती असा मोठा जमाव होता. या बुणग्यांनी रसद खाल्ली, फौजेचा वेग मारला, असा ठपका आपण पिढ्यानपिढ्या ठेवीत आलो आहोत. लष्करी हिशेबात त्यात तथ्य असेल. परंतु घोड्यास दाणावैरण घालणारा आणि तळावर पाणी वाहणारा कोण होता? बुणगाच होता. लढाई संपल्यावर निःशस्त्र स्थितीत कापला गेला तो, आणि गुलाम म्हणून नेली गेली ती त्याची बायकामुले. असे असता आज 'बाजारबुणगे' ही मराठीत शिवी होऊन बसली आहे. पराभवाचे दुःख आपण सर्वांनी वाटून घेतले. दोष मात्र बहुशः दुर्बळांच्या पदरी घातला.

याची दुसरी बाजूही तितकीच विचारार्ह आहे. ज्या बिनलढाऊ माणसाचा आपण गौरव करू इच्छितो, त्यास आपण ताबडतोब सैनिकाचा वेष चढवितो. मिठाच्या सत्याग्रहासाठी १९३० साली आमच्या उपनगरातच, विलेपार्ले येथे, जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली जी निःशस्त्रांची वस्ती उभी राहिली, तिचे नाव 'छावणी'. स्वातंत्र्यासाठी तुरुंग भोगणारा गृहस्थ 'स्वातंत्र्यसैनिक'. २०२० च्या महामारीत परिचारिका आणि सफाई कामगार एका रात्रीत 'योद्धे' झाले. हेतू चांगलाच होता. परंतु रुग्णाची शुश्रूषा ही शुश्रूषा म्हणूनच थोर का असू नये? जो लढत नाही तो बुणगा, आणि बुणगा नको असेल तर योद्धा. यांच्यामधली जागा आपल्या मनात रिकामीच आहे की काय, अशी शंका येते.

रक्षणाचा प्रश्न आला की ही रिकामी जागा धोक्याची ठरते. ११ जुलै २००६ च्या सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत काही मिनिटांच्या अवधीत सात स्फोट झाले. त्यांत आमचे बोरीवलीही होते. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. तेव्हा आपण सर्वांनी हळहळून 'निष्पाप नागरिक' असे म्हटले. आम्हीही म्हटले. आज त्या विशेषणापाशी आम्ही अडखळतो. त्या डब्यांतील माणसे निष्पाप होती म्हणून त्यांस मारणे हे पाप झाले काय? समजा, त्यांत एखादा लबाड दलाल किंवा घरी बायकोस छळणारा कोणी असता, तर त्याचा जीव घेणे क्षम्य ठरले असते? मुळीच नाही. हे विशेषण करुणेने जोडलेले असते, पण त्याच्यामागून एक घातक तर्क आत शिरतो; तो असा की, पापी ठरविता आले की मारता येते. जगात ज्यांनी ज्यांनी बाजारात बाँब ठेवले, त्यांपैकी बहुतेकांनी हाच युक्तिवाद केला आहे.

येथे, ज्या नकारास आम्ही वर नावे ठेविली, त्याचे शहाणपण आमच्या ध्यानी आले. १९४९ साली जिनिव्हा येथे युद्धकाळातील अशा लोकांच्या रक्षणासाठी स्वतंत्र करार झाला. त्या वर्षीच्या जिनिव्हा करारांसाठी भारताने १९६० मध्ये कायदाही केला. १९७७ च्या पुरवणी करारात या लोकांची जी व्याख्या आहे, ती नकारात्मकच आहे. लढणाऱ्यांच्या वर्गात जो मोडत नाही तो सिव्हिलियन, आणि शंका असेल तर त्यास सिव्हिलियनच समजावे. साधू आणि चोर, पंडित आणि निरक्षर, सारे तीत सामावतात. कोणी आपल्या सद्गुणांचा दाखला आणावा लागत नाही. हातात शस्त्र नाही, एवढे पुरे. सारांश, रक्षणापुरता नकारच योग्य. आदरासाठी मात्र तो अपुरा आहे.

त्या आदरासाठी आमच्याजवळ एक शब्द पडून आहे, तो 'मुलकी'. मुलूख या शब्दापासून 'मुलूखगिरी'ही झाली आणि 'मुलकी'ही झाला. एक मुलखावर चालून जाणारी, दुसरा मुलखात राहून तो नांदता ठेवणारा. १६७३ साली चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांस लिहिलेल्या पत्रात शिवाजी महाराजांनी बजाविले की, दाणावैरण बाजारातून विकत आणावी, रयतेस काडीचा उपद्रव देऊ नये. नाहीतर यांच्यापेक्षा मोगल बरे असे ती म्हणेल. फौज मुलखासाठी असते, मुलूख फौजेसाठी नव्हे, हे तत्त्व याहून स्पष्ट काय सांगावयाचे?

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या शेजाऱ्यांस म्हणालो, "सुभेदारसाहेब, नागरिक तुम्ही तेव्हाही होता. आता तुम्ही मुलकी झालात." ते थोडे थांबले आणि म्हणाले, "म्हणजे ज्याच्यासाठी सीमेवर उभा होतो, तो आता मीच झालो म्हणा की!" याहून चांगली व्याख्या आम्हांस सुचलेली नाही.