नाव खरे केव्हा?

पन्नास वर्षे कीर्तनातून शब्दांची सेवा केली. आता गळा थकला, टाळ खुंटीला लागले. बसल्या जागी एकच विचार छळतो: एवढे शब्द बोललो, ते खरे होते काय?

हाच प्रश्न ग्रीस देशी सॉक्रेटिसापुढे आला होता. इ.स.पूर्व ३९९ मध्ये ज्याला विषाचा प्याला दिला, तोच हा सत्पुरुष. त्याचा शिष्य प्लेटो याने 'क्रॅटिलस' नावाचा संवाद लिहिला, त्यात हा वाद आहे.

क्रॅटिलसचा पक्ष असा की, प्रत्येक वस्तूचे खरे नाव स्वभावतःच ठरलेले असते. हर्मोजेनिस नावाच्या गृहस्थाला तो म्हणतो, "सारे जग तुला हर्मोजेनिस म्हणो, ते तुझे नाव नव्हे." त्या नावाचा अर्थ हर्मिस देवाचा वंशज. हर्मिस हा धनलाभाचा देव, आणि याच्या हाती तर पैसा टिकत नाही! हर्मोजेनिस म्हणतो, नाव ही लोकांची रीत. चाकराचे नाव बदलले तरी काम अडत नाही. आपल्याकडेही शब्दार्थाचा संबंध मीमांसक नित्य मानतात, नैयायिक संकेताने ठरलेला मानतात.

सॉक्रेटिस दोघांनाही तपासतो. तो म्हणतो, नाव हे हत्यार आहे, विणकराच्या धोट्यासारखे. धोटा सुतार करतो, पण तो चांगला की वाईट हे विणकरच सांगणार. मग क्रॅटिलसला म्हणतो, नाव हे वस्तूचे चित्र. चित्र हुबेहूब झाले तर ते चित्र कसले? दोन क्रॅटिलस होतील! शिवाय ज्याने पहिली नावे ठेवली, त्याने वस्तू कशावरून ओळखल्या? तेव्हा नावे तर नव्हतीच! म्हणून नावावरून वस्तू शिकण्यापेक्षा वस्तूपाशीच जाऊन शिकावे, हे बरे.

क्रॅटिलसला हे पटले नाही. ॲरिस्टॉटल सांगतो की, सारे क्षणोक्षणी बदलते, तेव्हा काही बोलूच नये, असे अखेर त्याचे मत झाले. तो नुसते बोट हलवी.

हे वाचून मला एक जुनी रात्र आठवली. दयेवर दोन तास निरूपण केले. श्रोते डोळे पुसत उठले. उतरलो होतो त्या घरी एका पोराने पाणी आणायला उशीर केला, तर त्याच्यावर खेकसलो. पोर तांब्या ठेवून मुकाट्याने गेले. दयेचा अर्थ मी चुकीचा सांगितला नव्हता. पण दया ही वस्तू माझ्यापाशी नव्हती. सुताराने धोटा चोख घडवला होता, विणणारा खोटा निघाला.

म्हणून बोट हलवत गप्प बसावे काय? नाही. धोटा टाकून दिला तर वस्त्र कधीच होणार नाही.

भगवंताचे नाम आणि भगवंत एकच, ही आपली निष्ठा. सॉक्रेटिसाचा वाद त्या नामाचा नव्हे. पण 'माळकरी', 'वारकरी', 'हरिभक्त' ही नावे लोकांनी आपल्याला दिली आहेत. क्रॅटिलसने हर्मोजेनिसला टोचले, तसे आपणच आपल्याला रोज एकदा विचारावे: हे नाव माझे आहे काय? उत्तर पोथीत मिळणार नाही. ते पाणी आणणाऱ्या त्या पोराला ठाऊक असते.