विंचवाचं बिऱ्हाड

आमच्या माणदेशात घर सोडून हिंडणं हे नवल नाही. दिवाळी सरली की धनगरांचे वाडे हलतात. घोड्यावर संसार, वर बांधलेल्या कोंबड्या, मागं मेंढरं. घाट उतरून कोकणात जायचं, नाहीतर नदीकाठच्या बागायतीत. मिरगाच्या सुमाराला परत.

माझा पुतण्याही असाच हिंडतो, लॅपटॉप घेऊन. पुण्यात खोलीला १८ हजार भाडं भरत होता. दोन वर्षांपूर्वी ती सोडली, सामान आमच्या माडीवर टाकलं आणि निघाला. कधी हिमाचलात बीरला, कधी गोव्यात मोरजीला, कधी गोकर्णला. म्हणतो, "तात्या, निम्मं भाडं वाचतं." हिशोब खोटा नाही. महिनाभराची खोली एकदम घेतली तर घासाघीस होते, पावसाळ्यात गोव्यात जागा स्वस्त मिळते, आणि सारखं हलायचं नाही, कारण खर्च हलण्यातच जास्त. हे धनगरालाही ठाऊक असतं. चारा आहे तोवर तळ मोडत नाही.

पण वाचलेल्या पैशातलं ओझं कुणीतरी उचलतंच. त्याची बँकेची पत्रं आमच्याकडं येतात, मतदार यादीत नाव इथलं, टायफॉईड झाला तेव्हा खाटही इथलीच. धनगराचंही तसंच. गावी म्हातारी माणसं घर धरून बसतात, म्हणून वाडा बिनघोर चालतो. हिंडणाऱ्याच्या वहीत या बसणाऱ्यांचा खर्च कधी लिहिलेला मी तरी पाहिला नाही.

आणि ज्याच्या गावात उतरायचं त्याचं काय? धनगर रानात वाघर लावून रात्री मेंढरं बसवतो. लेंड्या-मुताचं खत जमिनीला मिळतं, म्हणून शेतकरीच त्याला ज्वारी नाहीतर रोख देतो. सकाळी वाडा हलला की कुणाचं कुणाकडं काही उरत नाही. (फार गोडवे गायला नकोत. मेंढरं उभ्या पिकात शिरली की शिव्या, काठ्या, पोलीस सगळं होतं. पोरांची शाळाही बुडते.)

पुतण्याची स्वस्ताई निराळी. त्याला बीर स्वस्त पडतं, कारण पगार पुण्याचा आणि तिथल्या माणसाची मजुरी तिथली. पोर्तुगालनं २०२२ मध्ये अशा फिरत्या नोकरदारांसाठी व्हिसा काढला. अट अशी की पाहुण्याची मिळकत तिथल्या किमान वेतनाच्या चौपट हवी. म्हणजे पाहुणा कोण आणि त्याला चहा देणारा कोण, हे कागदावरच ठरलं. मोरजीच्या एका चहावाल्यानं पुतण्याला सांगितलं होतं, आम्हाला वर्षाच्या करारानं खोली कोण देत नाही, महिन्याची गिऱ्हाईकं जास्त पैसे मोजतात.

मी त्याला विचारलं, "मग तुझ्या लेंड्या कुठायत?"

हसला. म्हणाला, "भाडं देतो, खानावळीत जेवतो. आणखी काय देऊ?"

त्याचं म्हणणं सरसकट खोडता येत नाही. त्या पैशावर कुणाचं तरी घर चालतंच. पण ज्याची खोली गेली त्याला भाड्यातलं काय मिळालं? शेतकऱ्याच्या रानात खत पडतं तसं त्याच्या दारात काही पडत नाही. एकाला पैसे दिले म्हणून गावाचं देणं फिटलं, हे माझ्या मनाला पटत नाही.

या दिवाळीला वहिनीनं त्याच्याकडं माडीचं भाडं मागितलं. सगळे हसले, तोही हसला. तो गेल्यावर तिनं मला हळूच विचारलं, "भाऊजी, खरंच मागायचं झालं तर किती सांगू?"