शेजारधर्माची जागा

धर्म माणसाच्या मनात असतो, वस्तीच्या नकाशात नसतो, असे आपण सहज म्हणून जातो. शेजारधर्मापुरते तरी मला हे पटत नाही. शेजारधर्माला जागा लागते, आणि ती जागा ना कुणाच्या घराची असते, ना कुणाच्या कामाची. याचा एक दाखला स्वीडनमध्ये मिळतो. स्टॉकहोमच्या पश्चिमेला स्वेन मार्केलिउस यांच्या नियोजनातून वेलिंगब्यू हे उपनगर उभे राहिले. १९५४ मध्ये त्याचे केंद्र खुले झाले. काम, घर आणि केंद्र एकाच ठिकाणी असावे, हे त्यामागचे सूत्र होते. प्रत्यक्षात बहुतेक रहिवासी कामासाठी रेल्वेने बाहेरच जात राहिले. घराजवळच काम असावे हा बेत असा अर्धवट राहिला. पण रेल्वे स्थानकाभोवतीचा चौक, दुकाने, सिनेमागृह आणि चर्च असलेले केंद्र आजही नांदते आहे.

घर आणि काम जवळ आले की जगणे आपोआप माणुसकीचे होते, असे मानणाऱ्याने दिंद्रुडकडे पाहावे. माजलगाव तालुक्यातल्या या गावाच्या पंचक्रोशीतून, खरे तर बीड जिल्ह्याच्या मोठ्या भागातून, दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडाजवळ, कारखान्याच्या तळावर कोपी उभी राहते. घर आणि काम यांत तिथे अंतरच उरत नाही. पहाटे फडात जायचे, रात्री-अपरात्री गाडी भरायची, उरलेल्या वेळात चूल, पाणी आणि लेकरे. कोप्या एकमेकींना खेटून असतात, अडीअडचणीला बाया एकमेकींची मुले सांभाळतातही. ती माणुसकी खरी आहे. पण त्या तळावर माणूस मजूर असतो नाहीतर थकून निजलेला असतो. नुसता माणूस म्हणून बसावे, कुणाच्या हुकमाखाली नसावे, अशी जागा तिथे नसते.

यावर कुणी म्हणेल, आपल्या जुन्या गावाला पार होता, चावडी होती, देऊळ होते, मग नवे काय शिकायचे? पण त्या पारावर सगळ्यांना बसता येत होते का? बारा बलुतेदारांचे काम आणि घर एकाच गावात होते, आणि तरीही महारवाडा वेशीबाहेर होता. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये संविधान सभेत गावगाड्याच्या गौरवाला विरोध केला तो उगाच नाही. घर आणि काम यांच्यामधली जी जागा काहींनाच खुली असते ती सार्वजनिक नसते, ती मालकांचीच वाढीव ओसरी असते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. अरणच्या सावता माळ्यांना मळ्यातच विठ्ठल भेटला. मग जागेचे एवढे काय? मला ते उत्तर एका भक्ताच्या साधनेचे वाटते, समाजाच्या व्यवस्थेचे नाही. चोखोबांची भक्ती काही उणी नव्हती. परंपरा सांगते की मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, देवळाबाहेर आहे, आणि दलितांसाठी ते देऊळ उघडायला १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. जागेला महत्त्व नसते तर ती अडवण्यासाठी इतकी शतके कुणी शक्ती खर्चिली नसती. संतांची समता चंद्रभागेच्या वाळवंटात फुलली, यातही मला योगायोग दिसत नाही. वाळवंट कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हते. वारी संपून माणसे गावी परतली की तशी जमीन पायाखाली उरत नसे.

आराखडा माणसाला चांगले करत नाही, हे मान्यच आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईतल्या बेलापूरला सात-सात घरे एका अंगणाभोवती मांडली. पुढे रहिवाशांनी अनेक घरे पाडून आपल्या ऐपतीप्रमाणे मजले चढवले. अंगणाने कुणाला निःस्वार्थी केले नाही. पण तिथे दार उघडले की समोर एकट्याची मालकी नसलेली जमीन येते आणि तिच्याबद्दल शेजाऱ्याशी बोलावेच लागते. ऊसतोडीच्या तळाबाबत आपण पाणी, शौचालय आणि शाळा मागतो, ते पहिले मागणे आहेच. त्याच मागणीत मुकादमाची आणि कारखान्याची सत्ता जिथे चालत नाही, अशी बसायची एक मोकळी जागाही मागायला हवी.